दहा मिनिटांचं माप

गल्लीत त्याला सगळे मापारी म्हणत. दुकानाच्या पाटीवर खरं नाव होतं, पण पाटीवर इतकी धूळ साचली होती की ते वाचायला शिडी आणि फडकं दोन्ही लागलं असतं. जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी अठरा दुकानं त्या गल्लीत होती. सतरा दुकानदार माल आला की विकून मोकळे व्हायचे. हा एकटाच आधी मोजायचा, मग चिठ्ठी लिहायचा आणि मग जमलं तर विकायचा. बरेचदा जमायचं नाही, कारण चिठ्ठीवर खरं लिहिलेलं असायचं.

मोजायचा काय, तर ग्राफिक्स कार्डं. कॉम्प्युटरच्या पोटात जी पाटी पडद्यावर चित्रं काढायचं काम करते ना, ती. यात दोन प्रकार. एक खास गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला, लाल-निळे दिवे लावून नटलेला, आणि किंमत ऐकून माणसाने मटकन खाली बसावं असा. दुसरा ऑफिसातला. इमारतींचे नकाशे काढणारे, जाहिरातींतली कार्टूनं हलवणारे, असे लोक तो घेतात. त्याला ना दिवे ना नखरा. चार-पाच वर्षं ही कार्डं मान खाली घालून राबतात, मग ऑफिस नवीन घेतं आणि जुनी खोक्यात भरून गल्लीत येतात.

ती पाहून गेमवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. "काका, हे ऑफिसातलं आहे, पण यावर गेम चालेल का हो?" बाकीचे सतरा जण एका सुरात सांगायचे, "चालेल काय, पळेल!" मापारी म्हणायचा, "उद्या या. मोजून सांगतो."

त्याच्या मोजण्याचा थाट बघण्यासारखा होता. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल. त्यावर एक उघडंबोडकं मशीन, ना झाकण ना बाजूचा पत्रा, नुसता सांगाडा. डोक्यावर छताचा पंखा गरगर फिरतोय. गेम एकच, ट्रक चालवायचा. गेममधला रस्ताही एकच, बंदरावरून निघून घाट चढून धरणापर्यंत, बरोबर दहा मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. सेकंदाला किती चित्रं, म्हणजे किती फ्रेम पडद्यावर येतात, त्याचा. साठच्या वर असला की ट्रक कसा तुपातून गेल्यासारखा जातो. वीसच्या खाली गेला की पडदा उचकी लागल्यासारखा अडकत अडकत चालतो. मापारी हा रस्ता तीनदा चालवायचा आणि तीन आकड्यांतला मधला लिहायचा.

आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये मशीन बंद. कार्ड पुरतं गार होईपर्यंत पुढची फेरी नाही. याबाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. "धावत आलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर घेतात का कधी?" तो विचारायचा. "आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग पट्टा बांधायचा. कार्डाचंही तेच. सगळ्यांना सारखा न्याय."

"अरे, मग कोर्टात बसायचं होतंस," शेजारचा केबलवाला ओरडायचा. "इथे कशाला आलास आमचा धंदा बसवायला?"

मापारी नुसता हसायचा. मनातून खूश व्हायचा, बरं का. आपलं माप चुकत नाही, ही एकच चैन त्या माणसाने आयुष्यात केली होती.

घरीही हाच खाक्या. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना "हे नीट दिसतं की हे?" विचारून तिचं डोकं उठलेलं असायचं, आणि घरात पाऊल टाकावं तर नवरा दोन बल्ब हातात धरून उभा. "हा जास्त उजेड देतो की हा?"

"दोन्ही फोड," ती म्हणायची आणि पंख्याखाली आडवी व्हायची.

अशा या माणसाला एक थोरली बहीण होती. सहा वर्षांनी मोठी. तिने तीस वर्षं बसच्या डेपोत वेळापत्रक लावण्याचं काम केलं होतं, त्यामुळे घड्याळ आणि ती यांच्यात कोण कुणाला विचारून चालतं हे सांगणं अवघड होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, नवरा त्याच्याही आधी गेलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. एकुलता एक मुलगा दूरच्या देशात, डोंगर पोखरून बोगदे काढणाऱ्या एका कंपनीत मोजणीच्या कामावर. मामाचा गुण घेतला म्हणायचा.

फोनवर मायलेकांचं "जेवलास का?" "जेवलो. तू?" "मीही" याच्या पुढे कधी गेलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्या भाच्याने आईला तोच ट्रकचा गेम शिकवला. सुरुवातीला ताईने नाक मुरडलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "गाडी वेळेत पोचली नाही तर दंड करतात? वा! हे चांगलं आहे." तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता दोघांचे दोन ट्रक पडद्यावर एकामागोमाग निघायचे. तो तिकडून, ही इकडून, दोघांच्या कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक आणि टेबलाला जोडलेलं स्टीअरिंगचं चाक. हात चाकावर असले की जीभ आपोआप सैल सुटते. त्या दोन तासांत ताईला लेकाचा खडूस साहेब कळला, त्याचा दुखरा गुडघा कळला, घरमालकिणीचं मांजर कळलं. फोनवर दहा वर्षांत कळलं नसतं ते सगळं. आठवड्याचे बाकी सहा दिवस ती नुसती रविवारची वाट बघायची.

आणि एका रविवारी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, नंतर सगळं काळं. कार्ड जळलं.

सोमवारी दुकानाचं शटर अर्धंच वर झालं होतं तोवर ताई टॅक्सीतून मशीन घेऊन हजर. "छोट्या, रविवारच्या आत पाहिजे. चारच्या आत म्हणजे चारच्या आत."

योगायोग असा की त्याच आठवड्यात नकाशे काढणारं एक ऑफिस बंद पडलं होतं आणि त्यांच्याकडची दोन कार्डं मापाऱ्याकडे आली होती. एक थोरलं, एक धाकटं. थोरलं जाडजूड, विटेएवढं, मेमरी दुप्पट, विजेची वेगळी जाड वायर मागणारं. त्याचा पंखा सुरू झाला की खोलीत कुणीतरी केस वाळवतंय असं वाटायचं. गरम हवा मात्र ते मागच्या जाळीतून थेट मशीनच्या डब्याबाहेर फेकायचं. धाकटं अलीकडचं, पट्टीसारखं सडपातळ, वेगळी वायर नको, आवाज तर नाहीच. त्याची गरम हवा डब्यातल्या डब्यात फिरायची, पण उघड्या टेबलावर त्याचं कुणाला काय?

मापाऱ्याने दोन्ही मोजली. बहिणीसाठी म्हणून तीनऐवजी पाच फेऱ्या घेतल्या, प्रत्येक फेरीनंतर कार्ड गार होऊ दिलं. थोरलं आलं चौऱ्याहत्तर. धाकटं एकाहत्तर. आणि किंमत? धाकटं थोरल्याच्या जवळजवळ निम्म्यात.

"म्हणजे तीन फ्रेमसाठी दुप्पट पैसे," तो ताईला म्हणाला. "शिवाय तो पंख्याचा गोंगाट. लेकाचं बोलणं ऐकू यायचं नाही तुला."

"तुझ्या मते कुठलं?"

"धाकटं. डोळे झाकून घे."

ताईने डोळे झाकून घेतलं. थोरलं फळीवर गेलं, वर चिठ्ठी लागली, 'चौऱ्याहत्तर. आवाज फार. पैशाच्या मानाने धाकटं बरं होतं.' आता अशी चिठ्ठी लावलेलं कार्ड कोण घेणार? ते तिथेच बसून राहिलं. मापारी जाता-येता त्याच्याकडे बघायचा आणि आपण बहिणीचे पैसे वाचवले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटायचा.

तीन महिने गेले. एका शनिवारी सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "काल ताई दुकानात आल्या होत्या. डोळे तपासायला."

"बरं मग?"

"मग काय बरं? तीन महिन्यांतली तिसरी खेप. नंबर जिथल्या तिथे आहे. मी सांगितलं, ताई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तर म्हणाल्या, मग हातच गेले असतील. पिशवीत तो रबरी चेंडू होता, बोटांच्या व्यायामाचा." तिने कप खाली ठेवला. "आणि त्यांनी तो ट्रक बंद केलाय. आठ रविवार झाले. तुम्हाला माहीत होतं?"

मापाऱ्याला माहीत नव्हतं. इतकं मोजणारा माणूस, पण बहिणीकडे शेवटचं कधी गेलो हे काही त्याने मोजलं नव्हतं. चहा तसाच टाकून तो उठला.

ताईने दार उघडलं आणि नेहमीसारखं घड्याळाकडे पाहिलं. "आज दुकान नाही?"

"आहे. ताई, तू ट्रक बंद केलास म्हणे?"

"आत तर ये." तिने खुर्ची पुढे सरकवली. हातात तो चेंडू होताच, दाबत होती. "अरे, नाही होत आता. पहिला अर्धा तास बरी चालवते. मग थकायला होतं. वळण दिसतं, चाक फिरवते, तोवर ट्रक कठड्यावर. कळतं पण हात वेळेवर वळत नाही. तो बिचारा पुढे जाऊन थांबतो. 'आई, हळू घे. आई, घाई नाहीये.' आधी गप्पा मारायचा, आता नुसतं 'आई, सांभाळून.' दोन तास त्याने मला सांभाळत बसायचं? आठवड्यातली एक सुट्टी असते रे त्याला. मीच म्हटलं, बस झालं."

"मशीनचं काही असेल."

"बघ ना. तुझंच माप आहे."

मशीन टेबलाखालच्या कपाटात होतं. धूळ बसू नये म्हणून ताईने कपाटाला दार लावून घेतलं होतं, आणि दारावर स्वतः शिवलेला पडदा. मापाऱ्याने गेम लावला. बंदर, घाट, धरण. दहा मिनिटं. कोपऱ्यातला आकडा एकाहत्तरवर ठाण मांडून बसला होता. एकदाही हलला नाही.

"ठणठणीत आहे गं," तो म्हणाला. आणि वर, कुणी विचारलं नसताना, बोलून बसला, "वयाचं काय, सगळ्यांचंच होतं. मलाही हल्ली सुईत दोरा जात नाही."

त्याला वाटलं आपण धीर दिला. काय म्हणावं या माणसाला! ताईने चेंडू दाबणं थांबवलं. "हो," ती म्हणाली. "मीही तेच म्हणते." आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली.

आता मापाऱ्याने उठून दुकान गाठायचं की नाही? पण धरणापलीकडचा रस्ता त्याने जन्मात पाहिला नव्हता. इतकी वर्षं दहाव्या मिनिटाला ट्रक थांबवायचा, मशीन बंद करायचं. आज कुणी ग्राहक नव्हतं, चिठ्ठी नव्हती. धरणाच्या पुढे पाइनची झाडं होती, एक लांब पूल होता, पुलाखाली नदी. तो चालवत राहिला. मजा यायला लागली. माल तर अजून बराच लांब पोचवायचा होता. एका छोट्या गावातून त्याने हॉर्न वाजवत ट्रक काढला, तेही उगाचच.

पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील. एका वळणावर ट्रक कठड्याला घासला. "हात्तिच्या," तो म्हणाला. पुढच्या वळणावर पुन्हा. चाक फिरवलं, आणि ट्रकने जरा विचार करून मग ऐकलं. मापाऱ्याने चष्मा पुसला. बोटं मोडली. खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्या वळणाला ट्रक सरळ शेतात. आपलंही झालं की काय सुरू? सत्तावन्नाव्या वर्षीच?

मग सवयीने नजर कोपऱ्यात गेली. आकडा होता एकोणीस.

त्याने कपाटाचा पडदा सारला, दार उघडलं आणि आत हात घातला. चुलीत घातल्यासारखा तो हात तसाच बाहेर आला. धाकटं कार्ड बंद डब्यात आणि डबा बंद कपाटात आपलीच गरम हवा गिळत बसलं होतं, आणि जळून जाऊ नये म्हणून बिचाऱ्याने स्वतःचा वेग कमी केला होता. आजचा हा दोष नव्हे. ते रोज असंच करत असणार. अर्धा तास बरं, मग थकायचं. मापारी जमिनीवरच बसला. पाच फेऱ्या घेतल्या होत्या त्याने. पाचही वेळा गार करून. उघड्या टेबलावर, पंख्याखाली. एकदा, फक्त एकदा जरी त्या कार्डाला धावत आलेलं असताना मोजलं असतं!

बऱ्याच वेळाने ताई कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. भाऊ जमिनीवर, तोंडाचा रंग उडालेला. "काय रे? शॉक लागला?"

"ताई, तू नाहीस गं." त्याने कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवलं. "कार्ड थकतं. अर्ध्या तासानंतर चौथाई वेग उरतो त्याचा. मीसुद्धा शेतात गेलो, बघ. तुझे हात ठीक आहेत. डोळे ठीक आहेत. मी दहा मिनिटंच मोजलं."

ताईने कपडे पलंगावर ठेवले. पडद्याजवळ आली, वाकून तो एकोणीसचा आकडा बघितला, शेतात आडवा झालेला ट्रक बघितला.

"म्हणजे मी बरी होते?"

"एकदम."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मापारी आयुष्यात पहिल्यांदा बघत होता, कारण भावजी गेले तेव्हाही ताई लोकांसमोर रडली नव्हती. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि त्याला असा काही धारेवर धरला की विचारू नका.

"गाढवा! आठ रविवार! आठ! मी चेंडू दाबत बसले इथे. जिना चढताना कठडा धरायला लागले. सुरीने भाजी कापायची सोडली, म्हटलं बोट कापायचं. आणि तू आत्ता, या खुर्चीत बसून, माझ्या तोंडावर म्हणालास, वयाचं काय, सगळ्यांचंच होतं! न्याय करतो म्हणे सगळ्यांना. मला म्हातारी करून ठेवलंस तू!"

मापाऱ्याने चपला पायात अडकवल्या.

तो तडक दुकानात गेला. फळीवरून थोरलं कार्ड काढलं, त्याच्यावरची स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी टरकन फाडली. केबलवाल्याने विचारलं, "खपलं की काय शेवटी?"

"माझी अक्कल खपली," मापारी म्हणाला.

रविवारी सकाळी तो थोरलं कार्ड, जाड वायरीचा वीजपुरवठा आणि बायको अशा तिघांना घेऊन ताईकडे पोचला. मशीन कपाटातून बाहेर काढून टेबलाच्या बाजूला ठेवलं. ताईला धुळीचा फार तिटकारा, पण तिने स्वतःच कपाटाचा पडदा घडी करून ठेवला. मग मापाऱ्याने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, आणि दीड ते साडेतीन ट्रक चालवला. सलग. तिघंही घामाने निथळत होती. बायको वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, "कार्डाची परीक्षा आहे की आमची?" थोरल्याचा पंखा घोंघावत होता, मागच्या जाळीतून गरम हवा भिंतीवर आदळत होती. आकडा चौऱ्याहत्तर. एक तासाने चौऱ्याहत्तर. दोन तासांनी त्र्याहत्तर, मग पुन्हा चौऱ्याहत्तर.

"घे," तो उठून म्हणाला. "पैसे नकोत."

"देणारही नव्हते," ताई म्हणाली.

चारला तीन मिनिटं कमी होती. हेडफोनऐवजी तिने स्पीकर लावला, पंख्याचा आवाज त्यातच बुडावा म्हणून. बंदराच्या वाहनतळावर तिचा ट्रक उभा राहिला. तिने काल लेकाला फक्त एका ओळीचा निरोप पाठवला होता, 'उद्या चारला.' उत्तर आलं नव्हतं. पण समोर निळा ट्रक उभा होता, दिवे चालू.

"आई?" स्पीकरमधून आवाज आला. "खरंच तू आहेस?"

"नाही, डेपो मॅनेजर आहे. चल, गाडी काढ, चार वाजले."

आणि ताई निघाली! घाट असा घेतला की मापाऱ्याची बायको चष्मा सावरून पुढे सरकली. धरणावर ताईने लेकाला मागे टाकलं. "आई, अगं, हळू!" तो ओरडला, आणि या वेळी ओरडण्यात हसू होतं. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. ताईने त्याला कार्डाची सगळी गोष्ट सांगितली, मामाच्या मूर्खपणासकट, मीठमसाला लावून. मापारी मागे स्टुलावर बसून ऐकत होता.

लेक बराच वेळ हसला. मग म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर रागावून बंद केलं नव्हतंस?"

"रागावून? कशासाठी?"

"त्या शेवटच्या दिवशी. पुलावर. मी सांगितलं ना तुला ते."

"पुलावर मला माझाच ट्रक दिसत नव्हता रे. तुझं काय ऐकते! काय सांगितलंस?"

निळा ट्रक पुढे सरळ चालला होता.

"मला वाटलं, तू ऐकलंस आणि म्हणून गेलीस," तो म्हणाला. "आठ रविवार तेच डोक्यात होतं माझ्या."

"अरे, पण काय?"

"आई, कंपनीने इथलं काम वाढवून दिलंय. तीन वर्षं. मी हो म्हटलंय."

ताईचा ट्रक हळू झाला. आणखी हळू झाला. मग भर रस्त्यात उभाच राहिला. मापाऱ्याची नजर सवयीने कोपऱ्यात गेली. चौऱ्याहत्तर. तो आकडा खाली यावा, वीसवर यावा, कार्ड याच क्षणी जळून जावं, असं त्याला आतून इतकं वाटलं की त्याने मुठी आवळल्या. आकडा जागचा हलला नाही. पडद्यावर झाडाचं एक एक पान स्पष्ट दिसत होतं.

"आई? ऐकलंस?"

"ऐकलं," ताई म्हणाली. तिचे दोन्ही हात चाकावर होते. तिने मान वळवली नाही. "छोट्या, तीन वर्षांत रविवार किती रे?"

मापाऱ्याला आकडा लगेच आला. "एकशे छप्पन्न."

"ऐकलंस का रे?" ती लेकाला म्हणाली. "एकशे छप्पन्न. त्यातला एकही चुकवायचा नाही." आणि तिने ट्रक पहिल्या गिअरमध्ये टाकला.